नाकापेक्षा चिपर जड

अमेरिकेत ट्रकची इभ्रत त्याच्या नाकावर असते. लांबलचक बॉनेट, पुढे चकाकणारी जाळी आणि तीवर कंपनीचं हातभर नाव, एवढं असलं की ही गाडी मागे काय ओढते, किती उचलते याची चौकशी कुणी करत नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या उपनगरात ज्या गृहस्थाने जन्मात चार विटा उचलल्या नाहीत, त्याच्याही दारात असला नाकाड्या पिकअप उभा असतो आणि त्याच्या हौद्यातून आठवड्याचा किराणा येतो. अशा मुलखात एखाद्याने धंद्यासाठी चपट्या तोंडाची, बॉनेटच नसलेली, ड्रायव्हरला थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवणारी गाडी घ्यायची म्हटली, की लोक नाकं मुरडणारच.

आमच्या शेजाऱ्याने ती घ्यायची म्हटली. लगेच नाही. पानगळीला सुरू झालेला त्याचा विचार बर्फ वितळलं तरी चालूच होता, आणि कुंपणापलीकडचा माणूस म्हणून तो सगळा माझ्या कानावर पडत होता. शेजारी झाडवाला आहे. लोकांच्या परसातली झाडं छाटायची, वाळलेली उतरवायची, वादळात छपरावर आडवी झालेली उचलायची, हा त्याचा व्यवसाय. दोन गडी, करवती, दोर, फांद्यांचा भुगा करणारा चिपर आणि तो ओढायला एक म्हातारा फोर्ड. फोर्डने राम म्हटला आणि शेजारी इसुझूच्या एनपीआरच्या मागे लागला. त्याच्या तोंडी सदान्‌कदा एनपीआर ऐकून माझ्या बायकोला वाटलं, की या माणसाला बातम्या ऐकायचं वेड लागलं. इथे त्याच नावाची रेडिओ-संस्था आहे. नंतर एकदा तिने 'काल रात्रीचा कार्यक्रम चांगला होता' असं त्याला सांगितलं, तेव्हा त्याने पाटे कितीचे आहेत ते सांगितलं.

त्याच्या धंद्याला इथे मरण नाही. रेड ओक हा 1950 पासून न्यू जर्सीचा राज्यवृक्ष. (एडिसन-आयझेलिनच्या ज्या ओक ट्री रोडवर आपली मंडळी खरेदीला जातात, तिथे मात्र ओकपेक्षा डोसे जास्त.) ओकखालोखाल कामं येतात ती ॲशची. 2002 साली मिशिगनमध्ये एक हिरवा, दिसायला भलताच देखणा भुंगेरा सापडला. मूळचा आशियातला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे पाडत जातात आणि थोड्या वर्षांत झाड उभ्याउभ्या मरतं. अमेरिकेतले कोट्यवधी ॲश त्याने खाल्ले. न्यू जर्सीत तो पहिल्यांदा दिसला 2014 मध्ये, ब्रिजवॉटरला, म्हणजे आपण जिथे बालाजीच्या दर्शनाला जातो त्या गावात. मेलेला ॲश इतका ठिसूळ होतो की त्यावर दोर टाकून चढायला पट्टीचा गडीही तयार होत नाही. मग बकेटची गाडी भाड्याने आणा, ती अंगणात शिरते का बघा, नाही शिरली तर शेजारच्याच्या हातापाया पडा. वरून फांद्या पडत राहतात, खाली चिपर त्या खात राहतो, आणि त्याच्या मानेसारख्या वळवता येणाऱ्या नळीतून भुगा पुढे उभ्या असलेल्या ट्रकच्या हौद्यात उडत राहतो.

हे चित्र नीट पाहिलं, की या ट्रकचं खरं काम काय ते कळतं. झाडवाल्याचा ट्रक धावतो थोडा, उभा राहतो फार, आणि जेव्हा हलतो तेव्हा निम्मा वेळ उलटा हलतो. चिपरचं तोंड अंगणाकडे आणि ट्रकचं रस्त्याकडे, अशी मांडणी करायची तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात रिव्हर्स मारावाच लागतो. म्हणून असली गाडी निवडताना तिच्यापुढे नव्हे, मागे जाऊन उभं राहायला हवं, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. विक्रेते मात्र सगळ्या गाड्या तोंड पुढे करून मांडतात.

बिननाकाच्या गाडीची सगळी करामत इथेच आहे. ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसला की बॉनेटची लांबी वाचते; हौदा तेवढाच राहून गाडी चारेक फुटांनी आखूड होते. पुढची चाकं जवळजवळ 50 अंशांपर्यंत वळतात. समोरच्या काचेखाली लगेच रस्ता, त्यामुळे अंगणातला बास्केटबॉलचा खांब, टपालपेटी, कुणाच्या तरी आजीने जपलेलं हायड्रेंजियाचं झुडूप, सगळं पायाशी दिसतं. न्यू जर्सीत तर मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायचं झालं तर अनेक ठिकाणी आधी उजवीकडे बाहेर पडून एक छोटा वळसा घ्यावा लागतो. त्या वळशांच्या आखणीच्या वेळी मागे चिपर घेतलेला माणूस कुणाच्या डोळ्यासमोर नसावा. शिवाय गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिट 105 च्या उत्तरेला ट्रकना बंदी, म्हणून शेजाऱ्याच्या नशिबी कायम गावातले रस्ते, अरुंद वळणं आणि शाळेच्या बसच्या मागे थांबणं.

आता वजनाकडे यायला हवं, कारण शेजारी तिथेच अडकून पडला होता. गाडीच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. आपल्याकडे ज्याला पासिंग म्हणतात, ते त्यावर छापलेलं: गाडी, हौदा, माणसं, इंधन, माल, सगळं मिळून जास्तीत जास्त किती. एनपीआर-एचडीचा आकडा 14,500 पौंड, म्हणजे साडेसहा टन. तिची थोरली बहीण एनआरआर, 19,500 पौंड, सुमारे पावणेनऊ टन. धाकटीवर लोखंडी हौदा चढवा, तीन माणसं बसवा, करवती, पाचरी, दोर, पेट्रोलचे कॅन ठेवा. मालाला उरतात पाचेक हजार पौंड. ताज्या लाकडाचा भुगा घनयार्डाला पाचशे पौंडांच्या आसपास भरतो. शेजाऱ्याला हौदा हवा होता बारा यार्डांचा. हे गणित त्याने पिझ्झाच्या खोक्यावर माझ्यासमोर मांडलं आणि बराच वेळ त्या खोक्याकडे बघत बसला. हौदा भरायच्या आधीच पासिंग भरत होतं.

बरं, ही झाली भुग्याची गोष्ट. बुंधा चिपरच्या तोंडात जात नाही. त्याचे ओंडके करून ते भुग्यावरच टाकायची झाडवाल्यांची जुनी खोड आहे, आणि नुकताच तोडलेला रेड ओक घनफुटाला साठ पौंडांच्या वर जातो, म्हणजे जवळपास पाण्याइतका जड. चार ओंडके टाकले की पाटे उलटे होतात.

त्यात चिपर. बारा इंची खोड गिळणारा चिपर पाच हजार पौंडांच्या आगेमागे असतो, आणि त्यातला दहावा हिस्सा तरी दांडीवरून गाडीच्या शेपटीवर टेकतो. तेवढा टेकायलाच हवा, नाहीतर हायवेवर चिपर डुलायला लागतो. पण शेजाऱ्याच्या मनात अठरा इंची भरला होता. आयोवातल्या पेला गावच्या व्हर्मियरचं, मिशिगनमधल्या विन गावच्या मोरबार्कचं आणि तिथल्याच रीमसच्या बँडिटचं, अशी तिन्ही माहितीपत्रकं त्याच्या स्वयंपाकघरात होती. आमच्याकडे लग्नाच्या मुलींचे फोटो जसे पुन्हापुन्हा काढून पाहत, तशी तो ती पाहायचा. अठरा इंची घेतला की गाडी लहान पडते. गाडी मोठी घेतली की नाक कापून मिळवलेली जागा हातची जाते. शिवाय सरकारी नियम: एकट्या गाडीचं पासिंग 26,000 पौंडांपर्यंत आणि मागे जोडलेल्याचं 10,000 पर्यंत असेल तर साध्या लायसन्सवर भागतं. गाडी-चिपर मिळून त्या 26,000 च्या वर गेले आणि मागचं धूड एकटंच 10,000 ओलांडत असेल, तर अवजड वाहनाचं लायसन्स. शेजाऱ्याच्या एका गड्याला साधं लायसन्सही तीन परीक्षांनंतर मिळालं होतं. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये हे आपल्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. या माणसाला ते पिझ्झाच्या खोक्यावर मांडून कळलं.

एप्रिलमध्ये अप्पा आले. आमचे वडील. कराडला मामांच्या ट्रान्सपोर्टमध्ये त्यांची हयात गेली. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग गल्ल्यावर. अमेरिकेत त्यांना बघण्यासारखं काही सापडत नव्हतं. नायगारा बघून 'पाणी बरंच आहे' म्हणाले. कुंपणापलीकडे ट्रकची बोलणी चालली आहेत हे कळल्यावर मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिकडे जायला लागले. दोघांची भाषा एक नव्हती, पण क्लच, गिअर, एक्सल, डिफरन्शिअल एवढ्यावर माणसं चांगली तासभर बोलू शकतात.

बिननाकाच्या गाडीचं इथे कौतुक करावं लागतं, हेच अप्पांना पटेना. "अरे, आमच्याकडे सगळ्याच अशा! यात बघायचं काय?" त्यांचंही चूक नव्हतं. 1954 मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले, तेव्हा ते चांगले नाकवाले होते. अप्पांच्या पिढीने त्या टाटा-मर्सिडीजवर घाट चढायला शिकून घेतलं. मग नाक हळूहळू बसत गेलं. 1980 च्या दशकात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी अशा जपान्यांबरोबर आपल्या कंपन्यांनी हातमिळवणी केली आणि चपट्या तोंडाचे हलके ट्रक गावोगाव दिसायला लागले. टाटांनी 1986 मध्ये 407 आणली, तिला नाक म्हणावं इतपत एक उंचवटा ठेवून. मामांनी घेतलेली स्वराज माझदा अप्पांची लाडकी, आणि ती कंपनी 2011 मध्ये नाव बदलून एसएमएल इसुझू झाली हे मी सांगितल्यावर तर शेजाऱ्याचा ट्रक हा त्यांना घरातलाच वाटायला लागला.

अमेरिकेतही कधीकाळी नाक नसलेल्या मोठ्या ट्रकचं राज्य होतं. तेव्हा राज्याराज्यांत गाडीच्या एकूण लांबीवर मर्यादा असे. नाक कापलं तेवढा माल वाढायचा. 1982 च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या महामार्गांवर राज्यांना एकूण लांबीवर बोट ठेवायची सोय उरली नाही, फक्त मागच्या ट्रेलरची लांबी मोजायची असं ठरलं. झालं. नाकं परत आली आणि वाढतच गेली. युरोपात आजही पुढचं-मागचं सगळं मिळून मोजतात, म्हणून तिथले ट्रक अजून चपटे. सौंदर्यदृष्टी वगैरे आपण उगाच म्हणतो. लोकांना काय देखणं वाटायचं ते टेपची सुरुवात कुठून करायची यावर ठरतं. इथे मग चपटं तोंड उरलं ते कचऱ्याच्या गाड्यांना आणि गल्लीबोळात माल टाकणाऱ्यांना. शेजाऱ्याच्या मेव्हण्याने त्याला विचारलं होतंच, "पाव विकायला लागलास का?"

अप्पांना खरा धक्का बसला तो इंजिनाचा. शेजारी पेट्रोलची गाडी घेणार होता. साडेसहा टनांचा ट्रक आणि पेट्रोलवर? अप्पांनी कप खाली ठेवला. त्यांच्या हिशेबी ट्रक म्हणजे डिझेल. पेट्रोल डॉक्टरांच्या गाडीत घालायचं. शेजाऱ्याने त्यांना समजावलं आणि मी दुभाष्याचं काम केलं. 2007 पासून इथल्या डिझेल ट्रकच्या धुराड्यात काजळी धरणारं फिल्टर बसवावं लागतं. ती काजळी जळून जायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी हायवेवर लांब पळवावी लागते. झाडवाल्याची गाडी सकाळी तीन मैल जाते आणि दिवसभर उभी राहते. फिल्टर चोंदतं, दिवा लागतो, आणि ऐन कामात गाडी म्हणते की आधी मला माझी काजळी जाळू दे. त्यापेक्षा जनरल मोटर्सचं पेट्रोलवर चालणारं व्ही-एट बरं. अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देती?" शेजाऱ्याला प्रश्न कळला, पण उत्तर ठाऊक नव्हतं. त्याने आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. त्या दिवसापासून अप्पा त्याच्याकडे थोड्या करुणेने बघायला लागले.

एका शनिवारी शेजारी वापरलेली एक एनपीआर बघायला आणि दाखवायला घरी घेऊन आला. बिननाकाच्या गाडीचं इंजिन बघायचं तर आख्खी केबिनच पुढे कलवावी लागते, आणि कलवण्याआधी आतलं सगळं बाहेर काढायचं असतं. मूळ मालकाच्या गड्यांनी ते काढलेलं नव्हतं. खटका सोडून केबिन पुढे झुकली तशी आतून घरंगळण्याचा जो आवाज सुरू झाला तो संपेना. काचेशी येऊन जमा झालं ते असं: प्लॅस्टिकच्या तीन पाचरी, अर्धी कॉफी, डोनटचा खोका, करवतीची जुनी साखळी, एक हेल्मेट, पेट्रोल पंपाच्या पावत्यांची थप्पी आणि एक डावा बूट. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला 1949 पासून कायद्याने बंदी आहे, पावती आणून देणारा माणूस असतो, म्हणून पावत्या साठतात. बुटाचा खुलासा झाला नाही.

अप्पा मात्र बुटात गुंतले नाहीत. ते इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकले आणि बोटाने खरवडून एक काळपट थर वर आणला: ओला पाचोळा आणि भुसा, तेलात मळलेला. चिपरच्या नळीतून उडालेला भुगा सगळाच काही हौद्यात जात नाही. थोडा केबिनच्या टपावर, थोडा हौदा आणि केबिनच्या फटीत, आणि तिथून थेट गरम इंजिनावर. नाकवाल्या गाडीत बॉनेट मिटलेलं असतं. इथे सगळं मागून उघडं. "रोज हवा मारायला पाहिजे," अप्पा म्हणाले, "नाहीतर एक दिवस शेकोटी." शेजाऱ्याने ते वहीत टिपून घेतलं. हौद्याचा पुढचा भाग केबिनवर झाकण म्हणून ओढावा असं त्याच्या मनात होतं, तेही तिथेच निकालात निघालं: झाकण आलं की केबिन कलणार कशी?

मग रिव्हर्स. गाडीला चिपर जोडला, साखळ्या दांडीखालून एकमेकींवर तिढा देऊन अडकवल्या, दिव्यांची वायर लावली आणि अप्पांनी गाडीच्या मागे आपली जागा घेतली. पन्नास वर्षांची सवय. "येऊ दे… येऊ दे… लेफ्ट मार… येऊ दे…" कराडला उसाच्या डबल ट्रॉल्या कारखान्याच्या काट्यावर उलट्या नेणारे महारथी त्यांनी पाहिलेले, त्यामुळे ही एवढीशी दोन चाकांची गाडी काय चीज आहे! पण लांब ट्रेलर उलटा नेणं त्यापेक्षा सोपं. तो सावकाश वळतो, आरशात दिसतो, सुधारायला वेळ देतो. चिपर आखूड. रुंद हौद्याच्या मागे तो दोन्ही आरशांत दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा काटकोनात वळून उभा असतो. चार फूट मागे, सहा फूट पुढे, असं करत गाडी शेवटी अंगणात बसली. बिननाकाच्या गाडीचा फायदा तिथे मी डोळ्यांनी पाहिला: पुढे यायला जेमतेम रस्त्याची रुंदी होती, आणि तेवढ्यात ती दर वेळी सरळ होत होती. जुन्या फोर्डचं नाक समोरच्यांच्या दिवाणखान्यात गेलं असतं.

चिपर सुरू करायच्या आधी शेजाऱ्याने पहिलं काम काय केलं असेल तर अप्पांना हाताला धरून लांब नेलं आणि त्यांच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या हाती दिला. जुने ड्रमचे चिपर फांदी हिसडून आत ओढायचे. कामगारांनी त्यांचं नाव 'फेक आणि वाक' असं ठेवलं होतं. आता रुळांच्या जोडीने फांदी आत जाते, रूळ थांबवायला दांडा असतो, पण फांदीच्या डहाळीत अडकलेलं कापड रुळांना वेगळं ओळखता येत नाही. म्हणून सैल कपडा नाही, लांब मनगटाचे हातमोजे नाहीत, फांदी बुंध्याकडून घालायची आणि घातली की बाजूला व्हायचं. एप्रिलात मफलर काढावा लागल्याचं अप्पांना दिवसभर वाईट वाटलं.

चारही चाकं ओढणारी मित्सुबिशी फुसोची एफजीही शेजाऱ्याने मधे चाळून पाहिली. चिखलात, बर्फात तिच्यासारखी नाही असं तिला वापरणारे सांगतात. पण फुसोने 2021 मध्ये अमेरिकेत नवे ट्रक विकणं बंद करायचं जाहीर केलं, आणि सुट्या भागांच्या काळजीने त्याने तो नाद सोडला.

शेवटी त्याने घेतली एनपीआर-एचडी, पेट्रोलची, पांढरी. चिपर जुनाच, बारा इंची. आणि हौदा बारा यार्डांच्या ऐवजी नऊचा. हे मला फार आवडलं. काठोकाठ भरला तरी पासिंगच्या आत राहील एवढाच हौदा बांधून घेतला, म्हणजे संध्याकाळी पाच वाजता, गडी दमलेले असताना, 'एवढं एक टाकून देऊ' म्हणायला जागाच नको. ओंडक्यांसाठी वेगळी खेप. अप्पांना मात्र हा उधळेपणा वाटला. फाळक्यावर आणखी दोन फळ्या लावल्या की तीन यार्ड सहज वाढतात, हे त्यांनी त्याला खुणांनी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा शेजारी हसून मान हलवत होता आणि माझ्याकडे बघत होता. मी भाषांतर केलं नाही.

आता प्रश्न भुग्याचा. तो टाकायला जागा लागते, आणि झाडांच्या बुडाशी पसरायला लोक तो फुकट मागूनही घेतात. शेजाऱ्याने पहिला हौदा आमच्या परसात रिकामा करू का असं विचारलं. टोमॅटोच्या वाफ्यांमधल्या वाटांवर घालायला बायकोला तो हवाच होता. वाफ्यात घालू नका, मातीतला नायट्रोजन ओढून घेतो, हेही तिने त्याला बजावलं. गाडी वळवून मागे आणायला किती जागा लागेल ते त्याने पावलांनी मोजलं. तेवढ्यात अप्पा चपला घालताना दिसले.

"ट्रक खुशाल आणा," बायको म्हणाली, "पण आमच्या मामंजींना मागे उभं करू नका. ते 'येऊ दे' म्हणतात, 'बस्स' म्हणायला विसरतात."